चौदाव्या किलोमीटरला

ऑक्टोबरच्या सुरुवातीला जपानमधल्या आमच्या ओजिमात एक सकाळ अशी उजाडते, की कचरा टाकायला खाली गेलेलं माणूस पिशवी हातात तशीच धरून दोन क्षण उभं राहतं. किनमोकुसेई फुललेला असतो. आमच्या इमारतीमागे सायकली लावायच्या जागेपलीकडे त्या झाडांची रांग आहे, पण वर्षभर तिकडे कुणाचं लक्ष नसतं. मग अचानक तांदळाच्या कणीएवढी केशरी फुलं येतात आणि जर्दाळूसारखा एक गोड, थोडा जड वास जिन्यातून वर चौथ्या मजल्यापर्यंत चढतो. सात-आठ दिवस राहतो. एखादा जोराचा पाऊस झाला की सगळी फुलं खाली, आणि सायकलींच्या सीटवर केशरी सडा.

पूर्वी मी या वासाची वाट बघायची. आता तो आला की मी खिडकी लावून घेते. माझा नवरा समीर विचारतो, "अगं, छान वारा येतोय, लावतेस कशाला?" मी म्हणते, चकल्या सादळतील. चकल्या अजून व्हायच्या असतात, हे त्यालाही दिसत असतं. तो पुन्हा विचारत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या ऑक्टोबरात माझ्या जॅकेटला हाच वास होता आणि त्यात घोड्याच्या घामाचा वास मिसळलेला होता. ते जॅकेट मी नंतर दोनदा धुतलं आणि मग देऊन टाकलं.

घोड्यांकडे मी गेले ती इरामुळे. इरा माझी मुलगी. अकरा वर्षांची असताना शाळेच्या सहलीत तिने घोडा पाहिला आणि महिनाभर दुसरं काही बोलेना. चिबाच्या डोंगराळ भागात एक लहानशी पागा सापडली. ओजिमाहून दोन गाड्या बदलून दीड तास, पुढे बस. दर रविवारी मी तिला घेऊन जायची आणि कुंपणाशी बाकावर डबा मांडीवर घेऊन बसायची. पागा चालवणाऱ्या कुरिहारा-सान साठीच्या पुढच्या, बुटक्या, खणखणीत बाई. तिसऱ्या की चौथ्या रविवारी त्यांनी माझ्या हातात खरारा ठेवला आणि म्हणाल्या, "बसूनच राहायचंय तर याचं अंग तरी घासा."

तो मुगी. मुगी म्हणजे सातू. रंगही तसाच, भाजलेल्या सातूच्या पिठासारखा, कपाळावर बोटभर पांढरा पट्टा. तरुणपणी तो शर्यतीत धावलेला होता, कुरिहारा-सानच्या भाषेत, "धावला, पण पोहोचला कधी नाही." शर्यतीतून काढून टाकलेले बहुतेक घोडे कुठे जातात हे त्यांनी मला नंतर एकदा सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. मुगी मात्र त्यांच्याकडे आला आणि राहिला. मी भेटले तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. खरारा मानेवरून फिरला की खालचा ओठ लोंबता सोडून डोळे अर्धे मिटायचा. समोर माणूस आहे की नाही याचं त्याला काही नसायचं, आणि मला ते फार बरं वाटायचं. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना कळलं तेव्हा एकजण म्हणाली, "घोडा? या वयात? अगं, पडलीस तर?" मी म्हटलं, पडले तर पडले.

इराइतकीच मीही शिकले. तिच्यापेक्षा हळू, पण शिकले. आधी घोड्याची साधी चाल, मग दुडकी. दुडकीत घोड्याच्या पाठीवर एक ठोका बसायचं, एक ठोका रिकिबीत उठायचं. एक-दोन, एक-दोन. हे अंगात मुरायला मला वर्ष लागलं. मुरल्यावर मात्र असं झालं, की भांडी घासताना, स्टेशनचे जिने चढताना, ऑफिसात कागद लावताना ती लय आतल्या आत चालू असायची.

मी पुण्याहून आले तेव्हा एम.एस्सी. केमिस्ट्री होते. इथे समीरच्या व्हिसावर आलेली बायको झाले. आधी कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानात, अर्धवेळ, मग डब्यांच्या कारखान्यात, मग एका शाळेच्या कार्यालयात. तक्रार म्हणून सांगत नाही. नोकरी होती, माणसं बरी होती. पण शाळा-कॉलेजात फळ्यावर लागणाऱ्या यादीत माझं नाव वरून दुसरं-तिसरं असायचं, आणि गेली कित्येक वर्षं ते कुठल्याही यादीत नव्हतं. त्याचं मला काही वाटत नाही, असं मी धरून चालले होते.

त्या वर्षी जूनमध्ये कुरिहारा-सान म्हणाल्या, "शरद ऋतूत यामानाशीच्या डोंगरात लांब पल्ल्याची दौड आहे. नवख्यांसाठी वीस किलोमीटर. मुगीला घेऊन जाल?"

मी इराकडे पाहिलं. ती चौदा वर्षांची झाली होती. म्हणाली, "तू जा. मी पाणी देणारी होईन." हे ती जपानीत म्हणाली. घोड्यांचं सगळं ती जपानीतच बोलायची.

या दौडीचं म्हणणं साधं असतं. जंगलातून, शेतांच्या कडेने, चढउतारांवरून घोड्याला ठरलेल्या अंतरावर न्यायचं आणि धडधाकट परत आणायचं. नवख्यांच्या गटात पहिला-दुसरा नंबर नसतो. जो घोडा नीट परत येतो तो जिंकला. आल्यावर जनावरांचे डॉक्टर त्याची छाती ऐकतात. अर्ध्या तासात ठोके मिनिटाला चौसष्टच्या आत यायला हवेत. हिरड्या दाबून बघतात, कातडीची चिमटी घेऊन बघतात, पोटाला नळी लावून आतडी वाजतायत का ऐकतात. शेवटी कुणीतरी घोड्याला लगाम धरून कडक जमिनीवर पळवतं आणि डॉक्टर मागून त्याचे पाय बघतात. लंगडला तर बाद.

सगळा उन्हाळा आम्ही तयारी केली. पहाटेच्या गाडीने जायचं, ऊन चढायच्या आत दहा किलोमीटर, मग बारा. परत आल्यावर मानेवर, पायांच्या आतल्या बाजूला ओला स्पंज दाबायचा आणि छातीवर हात ठेवून ठोके मोजायचे. मोजायचं काम इराचं. कपाळाला आठ्या घालून, ओठ हलवत मोजायची. "बावन्न!" म्हणून ओरडली की मुगी कान फिरवायचा. ऑगस्टमध्ये एकदा आम्ही तिघं पागेच्या मागच्या ओढ्यात उभे होतो, मुगी गुडघाभर पाण्यात, इरा त्याच्या पोटाला डोकं टेकवून, मी शेपटी विंचरत. सिकाडा किड्यांचा नुसता कल्लोळ. ती म्हणाली, "आई, हा कंटाळला आणि आपल्याला कळलंच नाही तर?" मी म्हटलं, "कळेल की. एवढा बोलका आहे." असं मी म्हटलं होतं.

कुरिहारा-सानने मात्र तेव्हा वेगळं सांगितलं होतं. घोडा दुखणं लपवतो. कळपातलं जनावर आहे. जो लंगडतो तो मागे राहतो, मागे राहतो तो वाघाच्या तोंडी जातो. वाघ गेले तरी ती भीती त्याच्या हाडात आहे. म्हणून तो शेवटपर्यंत आपण धड असल्याचं दाखवत राहतो. "वर बसलेल्या माणसाचं काम एवढंच," त्या म्हणाल्या, "की त्याने लपवायच्या आत ओळखायचं."

आता त्या सकाळबद्दल.

डोंगरात थंडी होती, पण सूर्य वर येताच विचित्र उकडायला लागलं. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, आणि गावातल्या एका अंगणात उशिरा फुललेला किनमोकुसेई होता. मी जॅकेट त्याच्या फांदीवर टाकलं होतं. कर्ण्यावर माझं आडनाव जपानी उच्चारात पुकारलं, "कुरुकारुनी-सान, मुगी!" मी हात वर केला. छातीवर क्रमांकाचं कापड बांधलं होतं. आणि मला इथे सांगायलाच हवं, की मला तेव्हा जे झालं ते भय नव्हतं. निकालाच्या दिवशी फळ्याकडे जाताना व्हायचं, ते होतं.

सुरुवातीच्या जागेजवळ एक फळा होताच. त्यावर प्रत्येकाची निघण्याची आणि परतण्याची वेळ लिहीत होते. नंबर नाही, नुसत्या वेळा, परतल्याच्या क्रमाने. "ही शर्यत नाही बरं," असं सगळे एकमेकांना सांगत होते आणि सांगताना फळ्याकडे बघत होते.

पहिले बारा किलोमीटर सुंदर गेले, असं मी आजही म्हणेन. लार्चच्या झाडांची सुईसारखी पानं पिवळी पडायला लागली होती. मऊ वाट, टापांचा आवाज जमिनीत बुडणारा. मुगीचे कान पुढे, मान सैल. बाराव्या किलोमीटरला पाण्याचा थांबा. कुरिहारा-सानचा छोटा ट्रक तिथे उभा होता. इराने बादली पुढे केली. मुगीने तोंड बुडवलं, ओठ ओले केले आणि मान वर घेतली.

"पीत नाहीये," इरा म्हणाली.

"पुढे ओढा आहे. तिथे पिईल."

"पण आई, तो नेहमी पितो."

कुरिहारा-सानने मुगीच्या चारही पायांवरून हात फिरवला, खूर उचलून पाहिले. मला म्हणाल्या, "सावकाश या. वेळ भरपूर आहे." मी हो म्हटलं. आणि तेवढ्यात एका राखाडी घोड्यावरचा पन्नाशीचा गृहस्थ थांब्यावरून निघाला. आमच्या शेजारून जाताना त्याने टोपीला हात लावला आणि म्हणाला, "ओसाकी नि." पुढे निघतो. ऑफिसातून आधी निघताना म्हणतात, तेच. दिवसातून दहा वेळा ऐकू येणारा, अगदी सभ्य शब्द. तो मला लागला. कुणी सांगितलं होतं त्याला पुढे जायला? मी त्याच्या मागेच निघाले. इराचा स्पंज अजून मुगीच्या मानेवर होता.

ओढा आला. मी थांबले नाही. राखाडी शेपटी पुढच्या वळणावर दिसत होती.

चौदाव्या किलोमीटरची पाटी उतारावर होती, खडीच्या रस्त्यावर. तिथे दुडकीचा एक ठोका हलका पडला. एवढंच. एक-दोन, एक-दोन चालू असताना दोन नंतरचा एक थोडा पोकळ वाजला. बाहेरून कुणाला काही दिसलं नसतं. पण दोन वर्षं तो ठोका माझ्या मणक्यात होता; मला कळलं. मी स्वतःशी म्हटलं, खडा असेल. पुन्हा पोकळ. मग मी एक गोष्ट केली. दुडकीत आपण कुठल्या पायाबरोबर उठतो आणि कुठल्याबरोबर बसतो, हे बदलता येतं. एक ठोका जास्त बसून राहिलं की लय उलटते. मी ती उलटवली. आता ते कमी जाणवत होतं. त्याच्या पायाला बरं वाटावं म्हणून नाही केलं मी ते. मला जाणवू नये म्हणून केलं.

पुढचे सहा किलोमीटर मला तुकड्यांत आठवतात. मानेवरचा घाम फेसाळ झालेला. कोबीच्या शेतातली एक म्हातारी हात हलवत होती, मीही हसून हात हलवला. सतराव्या किलोमीटरनंतर मोठा उतार लागला आणि तिथे मी राखाडी घोड्याला गाठलं. तो गृहस्थ खाली उतरला होता. लगाम हातात धरून घोड्याच्या शेजारी पायी चालत होता, धापा टाकत, घोड्याशी काहीतरी बोलत. उतारावर पाठीवरचं ओझं कमी व्हावं म्हणून उतरला होता, दुसरं काही नाही. त्याने हसून वाट दिली. आणि मी मुगीवर बसून त्याच्या शेजारून जाताना म्हटलं, "ओसाकी नि."

फळ्यावर माझी वेळ त्याच्या वर लागली. अकरा मिनिटं वर.

ठोके उतरायला वेळ लागला. बहात्तर, एकोणसत्तर. इरा बादल्यामागून बादल्या आणत होती, तिचे बूट चिखलाने भरले होते. पंचविसाव्या मिनिटाला त्रेसष्ट. तिने मला घट्ट मिठी मारली. "झालं, आई! फक्त पळवायचं राहिलं. मी पळवू?"

त्या वेळी मी सांगू शकले असते. घोडा स्वतःहून मागे घेता येतो, डॉक्टरांना नुसतं सांगायचं, पळवावं लागत नाही. माझ्याकडे तेवढा वेळ होता, शब्दही होते. मी म्हटलं, "पळव."

इरा लगाम धरून पळाली. समोर बघत, पाठ ताठ, पोनीटेल उडत. तिला मागचं दिसत नव्हतं. आम्हा सगळ्यांना दिसत होतं. प्रत्येक पावलागणिक मुगीचं डोकं वर उसळत होतं. डावा पुढचा पाय टेकला की वर, टेकला की वर. तरी तो पळत होता, कारण ती पळत होती. टोकाशी वळून ती परत आली, तोंडभर हसत, आणि मग तिने आमचे चेहरे पाहिले.

डॉक्टर तरुण बाई होती. तिने तो पाय हातात घेतला. खुराच्या वर मागच्या बाजूने जी दोरीसारखी जाड कंडरा जाते तिच्यावरून अंगठा फिरवला. मुगीने पाय ओढून घेतला.

"कधीपासून?" तिने मला विचारलं.

"आत्ताच," मी म्हटलं. "शेवटच्या वळणावर काहीतरी झालं."

कुरिहारा-सान जवळच उभ्या होत्या. त्या खाली बघत होत्या.

नंतरचा हिवाळा पाण्याचा होता. कंडरा अर्ध्याहून जास्त फाटली होती. तरुण घोडा असता तर वर्षभराने चालता झाला असता. मुगी अठरा पूर्ण झालेला. दर शनिवारी आणि रविवारी मी पागेत जायची आणि त्याच्या पायावर गार पाण्याची नळी धरून बसायची. वीस मिनिटं धरायची, तासभर थांबायचं, पुन्हा वीस मिनिटं. डिसेंबरात बोटं लाल होऊन मग पांढरी पडायची. मुगी माझ्या टोपीचा गोंडा चावायचा, खांद्यावर हनुवटी ठेवायचा. त्या दिवसाचं त्याच्या मनात काही नव्हतं. असतं तर सोपं गेलं असतं, असं मला कितीदा वाटलं. माणसाशी असं वागलो तर माणूस बोलणं तरी टाकतं.

इराही यायची. त्याला गाजराचे तुकडे द्यायची, पट्टी बांधायला शिकली होती. गाडीत परतताना माझ्या खांद्यावर झोपायची. "तू किती करतेस त्याच्यासाठी," एकदा झोपेत म्हणाली.

फेब्रुवारीत दुसरा पाय गेला. दुखरा पाय वाचवायला चार महिने तो सगळं वजन उजव्यावर टाकत होता. अशाने चांगल्या पायाचा खूर आतून सुजतो, आणि सूज वाढली की आतलं हाड खाली सरकायला लागतं. एका शनिवारी मी गेले तर तो आडवा होता. मला बघून उठायला लागला, पुढचे पाय रोवले आणि पुन्हा बसला. डॉक्टर दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, आता त्याला उभं राहायला लावणं बरोबर नाही.

इरा आदल्या दिवशी शाळेचा गणवेश घालूनच त्याला भेटून गेली. सकाळी मी आणि कुरिहारा-सान होतो. पागेमागे उमेच्या, म्हणजे जपानी प्लमच्या, झाडावर पाच-सहा फुलं होती. मी मुगीचं डोकं मांडीवर घेतलं. घोड्याचं डोकं किती जड असतं हे त्याच्यावर बसणाऱ्याला माहीत नसतं. खालचा ओठ तसाच लोंबता. इंजेक्शन दिल्यावर एक लांब श्वास आला आणि मी पुढच्या श्वासाची वाट बघत राहिले. नंतर त्याला न्यायला ट्रक आला. कुरिहारा-सान तो वळणाआड जाईपर्यंत कमरेत वाकून उभ्या होत्या.

मग आम्ही त्याची जागा साफ केली. भुसा ओढता ओढता मी म्हटलं, "मी खोटं बोलले होते. शेवटच्या वळणावर नाही. चौदाव्या किलोमीटरलाच मला कळलं होतं."

त्यांनी दाताळं थांबवलं नाही. "माहीत आहे."

"कसं?"

"पाय किती तापलाय ते हाताला कळतं. आत्ताचं दुखणं तसं नसतं." मग म्हणाल्या, "ऑगस्टपासून तो उतारावर पाय जपून टाकत होता. मी पाहिलं होतं. म्हटलं, वय झालं. तुमचा अर्ज मीच भरला ना? आमच्या पागेचं नाव बऱ्याच वर्षांत कुठे लागलं नव्हतं."

मी भुसा ओढायची थांबले. मग विचारलं, "मला तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले असते तर तुम्ही परत आला नसतात," त्या म्हणाल्या. "मग नळी कोणी धरली असती?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. दोन माणसांनी मिळून केलेली चूक आहे हे कळल्यावर जरा हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. पत्र्याच्या भिंतीवर त्याच्या घासण्याने पडलेला एक गुळगुळीत, चकचकीत पट्टा होता, त्याच्या खांद्याच्या उंचीवर. कुरिहारा-सानने तिथे ओलं फडकं मारलं आणि फडकं पिळून टाकलं.

त्या संध्याकाळी मी इराला सांगितलं. जेवण झालं होतं, समीर अजून आला नव्हता. मी सगळं सांगितलं: ओढ्याजवळ न थांबणं, पोकळ ठोका, लय उलटवणं, सगळं. ती ताटातल्या भाताची शितं बोटाने गोळा करत होती.

"नान्दे?" तिने विचारलं. का?

माझ्याकडे उत्तर होतं. फळ्यावर अकरा मिनिटं वर.

"नंबर तर नव्हताच ना," ती म्हणाली. मग ताट उचलून उभी राहिली. "मला सांगितलं असतंस, तर मी त्याला पळवलं नसतं."

ती ओरडली नाही, दार आपटलं नाही. ताट घासून ठेवलं आणि अभ्यासाला बसली. मला वाटलं होतं ती मुगीसाठी रडेल आणि मी तिला जवळ घेईन. तिने मला ते करू दिलं नाही. त्यानंतर ती पागेत गेली नाही. आता सतरा वर्षांची आहे, प्रवेशपरीक्षेच्या तयारीत. आमचं छान चाललंय. ती मला मैत्रिणींचे किस्से सांगते, तिची आवडती कोशिंबीर माझ्याकडून करवून घेते. पण आपण काहीतरी करतोय आणि आई बघतेय, अशा वेळी ती आता थांबून माझ्या तोंडाकडे बघते. चेहऱ्यावर काही लिहिलंय का, ते वाचते. पूर्वी वाचायची नाही.

लोक सांगतात, अगं, नवखी होतीस. घोडा म्हातारा होता. हे दोन्ही खरं आहे. नवख्यांच्या दौडीचे नियम इतके सौम्य का असतात हे मला आता कळतं. ज्याला घोड्याचं कमी कळतं त्याच्या हातात घड्याळ द्यायला आयोजक घाबरतात. माझं दुःख वेगळं आहे. मला कळत नव्हतं असं झालं नाही. तीन वर्षं जीव लावून जे शिकले, त्यानेच मला चौदाव्या किलोमीटरला हाक मारली, आणि मी सरकून बसले.

मी पुन्हा घोड्यावर बसले नाही. पण गेल्या वर्षी कुरिहारा-सानचा फोन आला, दौडीला माणसं कमी आहेत, पाण्याच्या थांब्यावर उभ्या राहाल का. मी गेले. या वर्षीही गेले. बादल्या भरायच्या, येणाऱ्या घोड्याचा क्रमांक आणि वेळ लिहायची. बोलावं लागत नाही.

या वेळी पावणेअकराच्या सुमारास एक बाई आली. पन्नाशीची असेल, चष्मा, नवं कोरं हेल्मेट, गाल लाल. पहिलीच दौड, हे तिच्या लगाम धरण्यावरून कळत होतं. तिची काळी घोडी पाणी प्यायली, चांगली घटाघट प्यायली. बाई मात्र पुढे निघेना.

"एक विचारू?" ती मला म्हणाली. "मघापासून मला काहीतरी वेगळं वाटतंय. उजव्या बाजूला. कदाचित माझा भास असेल. तुम्हाला काही दिसतंय का?"

मी घोडीला चार पावलं चालवून पाहिलं. दुडकीत नेऊन पाहिलं. पायांवरून हात फिरवला. मला काही दिसलं नाही, हाताला काही लागलं नाही.

"मला तरी काही दिसत नाही," मी म्हटलं.

तिने घड्याळ पाहिलं. आठच किलोमीटर राहिले होते. "माझा नवरा शेवटी कॅमेरा घेऊन उभा आहे," ती स्वतःशीच हसली. "दोन वर्षं तयारी करतेय." मग पुन्हा माझ्याकडे बघून, "तुम्ही असतात तर काय केलं असतंत?"

मागे दोन घोडे येताना दिसत होते. मला बादल्या भरायच्या होत्या. माझं जपानी इतक्या वर्षांनंतरही भावनेच्या ठिकाणी अडखळतं. मी म्हटलं, "मलाही असंच वाटलं होतं. मी पुढे गेले. तो घोडा आता नाही."

तिने घोडीच्या मानेवर हात ठेवला. मग रिकिबीतून पाय काढला आणि उतरली. मी फोन करून ट्रक बोलावला. तिच्या क्रमांकापुढे मी "स्वतःहून मागे घेतला" असं लिहिलं. मला काहीच दिसलं नव्हतं, आणि तिची दोन वर्षं मी एका वाक्यात थांबवली होती.

दुपारी सामान आवरून मी मैदानावर परत आले तेव्हा ती मला शोधत आली. नवरा मागे कॅमेरा गळ्यात अडकवून उभा होता. तिचे डोळे सुजलेले होते. मला वाटलं, झालं, घोडीचं काहीतरी निघालं.

"डॉक्टरांनी दोनदा तपासलं," ती म्हणाली. "पळवूनही बघितलं."

"मग?"

"काहीच नव्हतं." तिला हसू आवरत नव्हतं आणि रडूही. "काहीही नाही. एकदम धड आहे म्हणे. माझा भासच होता."

मी माफी मागायला वाकले. तिने माझे दोन्ही हात धरले आणि मला सरळ केलं. तिच्या मागे, ट्रकला बांधलेली काळी घोडी चारही पायांवर सारखी उभी राहून गवत खात होती. मी तिच्याकडे बघत राहिले. मग मला काही दिसेना, आणि ती बाई माझे हात धरूनच उभी राहिली.